मासे आणू नका. आलेच असतील तर स्टँड मजबूत करा



गेल्या आठवड्यात स्वाध्यायासाठी आमच्याकडे बारा-तेरा जणी जमल्या होत्या. स्वाध्याय संपला, ग्रंथ वेष्टनात बांधून ठेवला आणि उठता उठता तिघींनी मला एकच प्रश्न विचारला, "काकू, हा फिश टँकचा स्टँड कुणाकडून करून घेतला? छान झालाय." चौथी चपला घालताना हळूच म्हणाली, "पण काकू, आपल्या घरात मासे चालतात का हो?"

तिघींना मी सुतारांबद्दल थोडंफार सांगितलं. चौथीला काही बोलू शकले नाही, कारण दारात उभं राहून देण्यासारखं ते उत्तर नव्हतं. म्हणून आज लिहायला बसले.

माझं मत आधीच सांगते. शोभेसाठी मासे घरात आणू नयेत. कुणाला भेट देऊ नयेत. आणि काही कारणाने घरात आलेच, तर "पुण्य" म्हणून नदीत किंवा विहिरीत सोडू नयेत. ते जगतील तोवर नीट सांभाळावेत. आमचा स्टँड या तिसऱ्या वाक्यातून उभा राहिला आहे.

मासे आमच्याकडे आले ते असे. नातू वर्गमित्राच्या वाढदिवसाला गेला आणि येताना रिटर्न गिफ्ट घेऊन आला. वर गाठ मारलेली प्लॅस्टिकची पिशवी, त्यात तीन गोल्डफिश, आणि सोबत खरबुजाएवढं काचेचं गोल भांडं. देणाऱ्यांच्या मनात वाईट काही नसणार. पेन्सिल बॉक्सचा कंटाळा आला म्हणून यंदा काहीतरी वेगळं दिलं असेल. पण त्या पार्टीला वीस मुलं होती, म्हणजे त्या संध्याकाळी वीस घरांत साठ जीव पोचले, आणि त्यातल्या एकाही घराला आधी विचारलेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी एक मासा पाण्यावर उताणा तरंगत होता. नातवाने विचारलं, "आजी, पाप कुणाला लागलं? त्यांना, का मला, का तुला?"

मी मंदिरात, शिबिरात इतकी प्रवचनं ऐकली आहेत, पण सात वर्षांच्या मुलाला मला सरळ उत्तर देता आलं नाही. "आधी उरलेल्या दोघांचं बघू," एवढंच म्हणाले.

मासा का मेला ते नंतर कळलं. मासे ज्या पाण्यात श्वास घेतात त्याच पाण्यात मलमूत्र टाकतात. त्यातून अमोनिया तयार होतो, आणि तो माशांना विष आहे. मोठ्या टाकीत फिल्टरच्या स्पंजावर सूक्ष्म जिवाणू वाढतात आणि ते अमोनियाचं रूपांतर कमी घातक पदार्थांत करतात. हे बसायला चार ते सहा आठवडे लागतात. दोन-तीन लिटरच्या गोल भांड्यात ना फिल्टर ना जागा. वरून आपण कौतुकाने सारखं खायला टाकत राहतो. गोल्डफिश नीट सांभाळला तर दहा-पंधरा वर्षं जगतो. भांड्यातला बिचारा दोन-चार आठवड्यांत जातो, आणि लोक समजतात की माशांचं आयुष्यच तेवढं असतं.

मग मुलाने 36 इंच लांब, 12 इंच रुंद आणि 15 इंच उंच टाकी आणली. तिच्यासोबत दुकानातूनच तयार स्टँड घेतला. वरून सागाच्या रंगाचा गुळगुळीत कागद, आत लाकडाच्या भुशाचा दाबलेला बोर्ड. दिसायला सुरेख. पाणी बदलताना चार थेंब सांडायचेच, ते कडेच्या फटीतून आत गेले. सहाव्या महिन्यात एक कोपरा पावासारखा फुगला आणि मग दबला. एका रात्री पाणी प्यायला उठले तर पायाखाली ओल लागली. टाकीच्या कोपऱ्यातून, काच जिथे सिलिकॉनने चिकटवलेली असते तिथून, पाणी झिरपत होतं. स्टँड एका बाजूला दोन सूत खाली गेला होता. दोन सूत म्हणजे पाव इंच. पण खालचा आधार एवढासा तिरपा झाला की काचेला पीळ बसतो आणि जोड सुटायला लागतो. रात्री दोन वाजता आम्ही सगळे बादल्या घेऊन धावत होतो. मासे वाचले, आणि पुढचे बारा दिवस ते न्हाणीघरात धुण्याच्या टबात राहिले.

याच बारा दिवसांत घरात खरा वाद झाला. जाऊबाई म्हणाल्या, "देवानेच मार्ग दाखवला म्हणा. टाकी मोडली, आता मासे कृष्णेत सोडून द्या. नाहीतर मळ्यातल्या विहिरीत. सुटले बिचारे, आणि तुम्हीही सुटलात." सूनबाईलाही पटलं. खरं सांगायचं तर मलाही पटलं होतं. बंधनातून सोडवणं यापेक्षा मोठी जीवदया कोणती? आपल्या समाजात सणावाराला कोळ्यांकडून मासे विकत घेऊन पाण्यात सोडणारी माणसं आहेत, आणि त्यांच्या भावनेबद्दल मला आदर आहे.

तरीही मी नको म्हटलं. का, ते सांगते.

गोल्डफिश आपल्या नदीचा मासा नाही. तो मूळ चीनमधला, आपल्या रोहू-कटल्याच्या दूरच्या नात्यातला. माणसाने शेकडो वर्षं रंगासाठी आणि शेपटीच्या झुपक्यासाठी निवडून निवडून तो असा केला आहे. आमचे दोघे तर आखूड, गोल पोटाचे, झुपकेदार शेपटीचे. त्यांना धड वेगाने पोहताही येत नाही. केशरी रंगाचा संथ मासा गढूळ पाण्यात सोडला तर खंड्या, बगळा किंवा मरळ यांच्यापैकी कुणीतरी त्याला पहिल्याच दिवशी टिपणार. त्याला मी मुक्ती म्हणू का? माझ्या डोळ्यांसमोरून मरण हलवलं, एवढंच झालं.

आणि समजा तो जगला, वाढला, त्याची पिल्लं झाली, तर? मग नुकसान दुसऱ्या जीवांचं. गोल्डफिश तळ उकरतो, पाणवनस्पती उपटतो, दुसऱ्या माशांची अंडी खातो, आणि टाकीतला रोगही सोबत नेऊ शकतो. सकर मासा तुम्ही पाहिला असेल, काळपट, काचेला तोंड चिकटवून शेवाळ खाणारा. तो दक्षिण अमेरिकेतला. लहान असताना लोक हौसेने आणतात, फूटभर झाला की तलावात टाकून देतात. आज तो थेट गंगेत सापडतो. त्याच्या काटेरी अंगाने कोळ्यांची जाळी फाटतात आणि तिथल्या मूळ माशांची जागा जाते. टाकणाऱ्या प्रत्येकाला वाटलं असेल की आपण जीव वाचवला.

"मग सरकारी लोक विहिरीत गप्पी मासे सोडतात ते?" जाऊबाईंनी विचारलं. त्यांचा मुद्दा बिनतोड वाटला, पण नाही. गप्पी मासे सोडतात ते डासांच्या अळ्या खाण्यासाठी. त्या कामाला जीवदया कुणीच म्हणत नाही. आणि गप्पीसुद्धा मूळ आपल्याकडचा नाही.

पाहा, गाय भाकड झाली तर तिच्यासाठी आपल्या लोकांनी पांजरपोळ काढले. दिल्लीत लाल किल्ल्यासमोरच्या दिगंबर जैन लाल मंदिरात पक्ष्यांचं रुग्णालय आहे. तिथे जखमी पक्षी बरे करून आकाशात सोडतात. पक्ष्याला सोडलं तर तो त्याच्या घरी जातो. गोल्डफिशला जायला घर नाही. त्याचं घर माणसाने मोडून टाकलेलं आहे. त्याच्यासाठी पांजरपोळही नाही. मग पांजरपोळ आपल्याच घरात करावा लागतो.

स्वाध्यायात आपण अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार वाचतो. बंध, वध, छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध. वाचताना डोळ्यांपुढे बैलगाडी येते, दाव्याला बांधलेलं जनावर येतं. त्या बारा दिवसांत टबाशेजारी पाटावर बसून मी हे पाचही माशांना लावून पाहिले. बंध म्हणजे बांधून किंवा कोंडून ठेवणं, तो तर उघडच आहे. वध म्हणजे मारझोड. आपली मुलं काचेवर टकटक करतात, त्याचा हादरा माशाला अंगभर बसतो. छेद म्हणजे अवयव कापणं. बाजारात पॅरट फिश नावाचे काही मासे बदामाच्या आकाराचे दिसावेत म्हणून त्यांची शेपटी लहानपणीच कापलेली असते. अतिभारारोपण म्हणजे पेलवणार नाही इतकं ओझं लादणं. थोड्या पाण्यात जास्त मासे कोंबणं हे त्या पाण्यावर आणि त्या माशांवर लादलेलं ओझंच आहे. अन्नपाननिरोध म्हणजे उपाशी ठेवणं, पाणी तोडणं; वीज गेली, हवेचा पंप बंद पडला आणि आपण गावाला गेलेलो असलो तर तोही घडतो.

यातला बंध आता मला टाळता येणार नव्हता. तो त्या पार्टीत झालाच होता. बाकीचे चार टाळणं माझ्या हातात होतं. त्या चारांची सुरुवात पक्क्या स्टँडपासून होत होती, कारण टाकी फुटली तर पुढचं सगळं व्यर्थ.

म्हणून आधी वही काढली. बी.कॉम. होऊन चाळीस वर्षं झाली तरी दोन खाने आखल्याशिवाय मला विचार करता येत नाही. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. टाकी वरून दोन इंच रिकामी ठेवायची, म्हणजे 36 गुणिले 12 गुणिले 13 इंच. त्याचं पाणी होतं 92 लिटर, म्हणून 92 किलो. आठ मिलिमीटर जाडीच्या काचेचं वजन 24 किलो. तळाला खडे 15 किलो. झाकण, फिल्टर, पंप मिळून 4 किलो. बेरीज 135 किलो. सव्वा क्विंटलच्या वर! दोन मोठी माणसं अहोरात्र, वर्षानुवर्षं, एका फळीवर बसून राहणार असा हा हिशोब आहे. तयार स्टँड घेताना आम्ही फक्त रंग पाहिला होता.

आता लाकूड. नवीन साग घ्यायचा तर झाड तोडल्याचा वाटा आपल्याकडे येतो, आणि कच्चं लाकूड नंतर वाकण्याची भीती वेगळीच. शिरोळ तालुक्यात आमचं जुनं मातीचं घर होतं. 2005 च्या महापुरात ते तगलं, 2019 च्या पुरात भिंती बसल्या. तुळया आणि चौकटी तेवढ्या काढून मळ्यातल्या शेडमध्ये ठेवल्या होत्या. दोनदा पुरात बुडालेला तो साग वरून राखाडी झाला होता, पण रंध्याचे दोन हात मारल्यावर आतून पिवळाजर्द निघाला. यांनी तुळईवरून हात फिरवला आणि काही न बोलता सुतारांना गाडीत लाकूड भरायला मदत केली.

लाकूड उचलण्याआधी प्रत्येक तुकडा उलटसुलट करून वाळवी किंवा भुंगा आहे का ते पाहिलं. एका चौकटीच्या भोकांतून ताजी पिठी पडत होती, म्हणजे आत जीव होते. सुतार म्हणाले, "औषध मारतो, काकू." मी म्हटलं, नको, ती चौकट जिथे होती तिथेच राहू दे. दोन जीव वाचवायला निघून शंभर मारायचे नाहीत. ज्यांना जुनं लाकूड वापरायचं आहे त्यांनी हे आधी पाहावं. लाकूड घरात आल्यावर सापडलेली कीड फार अवघड जागी आणते.

सुतार आमच्या गल्लीतलेच, वडिलांपासून हाच धंदा. त्यांनी एक गोष्ट सांगितली ती सगळ्यांनी लक्षात ठेवावी. म्हणाले, "काकू, वजन लाकडानं पेलायचं असतंय, खिळ्यानं न्हाई." म्हणजे काय, तर वरची चौकट चार पायांच्या डोक्यावर बसली पाहिजे, म्हणजे पाण्याचं वजन सरळ पायातून जमिनीत उतरतं. चौकट पायांच्या बाजूला नुसती स्क्रूने ठोकली तर सव्वा क्विंटल त्या चार-आठ स्क्रूंवर लटकतं. आमचे पाय अडीच इंची चौरस आहेत, वरची आडवी लाकडं तीन इंच उंच आणि दीड इंच जाड. एका लाकडाला खाच, दुसऱ्याला कुसू, आणि मधे डिंक. लांब बाजूच्या बरोबर मध्यावर, पुढे आणि मागे, एकेक जादा पाय दिला, कारण तीन फूट लांबीचं लाकूड मधे हळूहळू वाकतं. मागच्या बाजूला प्लायचा पूर्ण तुकडा मारला, तो वजनासाठी नाही. चार पायांचं टेबल डुलतं तसं ते डुलू नये म्हणून.

रुंदी मात्र 12 ऐवजी 15 इंच घेतली. उंची 30 इंच आणि बूड फूटभर असेल तर लहान मूल लोंबकळल्यावर ते पुढे येऊ शकतं. शिवाय दोन लोखंडी पट्ट्यांनी स्टँड भिंतीला जखडला. ज्यांच्या घरी नातवंडं आहेत त्यांनी ही पट्टी विसरू नये.

वरच्या फळीला 19 मिलिमीटरचा मरीन प्लाय. दुकानात मागताना "आयएस 710" असा शिक्का पाहून घ्या. साधा कमर्शियल प्लाय पाण्याला टिकत नाही. प्लायवर अर्धा इंच थर्माकोल आणि त्यावर टाकी. फळीवर कुठे बारीक खडा किंवा उंचवटा राहिला तर काच तिथेच तडकते. थर्माकोल तो उंचवटा पोटात घेतो.

डिंक आणि पॉलिश या दोन गोष्टींकडे आपण जैन बायकांनी विशेष लक्ष द्यायला हवं. जुन्या पद्धतीचा सुतारी सरस जनावरांच्या कातड्या-हाडांपासून करतात. आम्ही फेव्हिकॉलसारखा पांढरा कृत्रिम डिंक वापरला. लाकडावर जे तांबूस चमकदार पॉलिश करतात, ती स्पिरिटमध्ये विरघळवलेली चपडी लाख असते, आणि लाख म्हणजे किड्यांचं स्रवण. ती खरवडून घेताना असंख्य किडे मरतात. श्रावकाने टाळायच्या पंधरा धंद्यांत लाखेचा व्यापार येतो हे आपण वाचतो, आणि घरात कपाटाला तेच पॉलिश करतो! आम्ही जवसाच्या तेलाचे दोन हात दिले आणि वरच्या फळीला, जिथे पाणी सांडतं तिथे, पीयूचा थर. पीयू पूर्ण वाळून वास जाईपर्यंत आठ दिवस टाकी वर ठेवली नाही.

जागा ठरवताना पुतण्याला विचारलं. तो सिव्हिल इंजिनिअर. त्याने सांगितलं की राहत्या घरात स्लॅबवरचा भार साधारण दर चौरस मीटरला 200 किलो धरतात. मी लगेच टाकीखालच्या जागेचा भागाकार केला तर उत्तर 480 च्या वर आलं आणि पोटात गोळा उठला. तो हसला. म्हणाला, तो आकडा सगळ्या खोलीवर पसरून धरलेला असतो, एवढी टाकी चालते. पण खोलीच्या मध्यभागी ठेवू नको, बीमजवळ भिंतीलगत ठेव. तसंच केलं. आणि खिडकीसमोर ठेवली नाही. ऊन थेट पडलं की काचेवर हिरवं शेवाळ धरतं, मग ते दर आठवड्याला घासून काढा. शेवाळावर आपण पायसुद्धा देत नाही, मग ते वाढवून खरवडायचं कशाला? सावलीच्या जागी ते फारसं धरतच नाही.

टाकी भरण्याआधी पाणसळ लावून चारही बाजू तपासल्या. एका पायाखाली पातळ पाचर द्यावी लागली. विजेची वायर सॉकेटपर्यंत नेताना आधी सॉकेटच्या खाली झोळासारखी सोडून मग वर घेतली, म्हणजे वायरवरून ओघळलेलं पाणी झोळाच्या टोकाशी खाली पडतं, सॉकेटमध्ये जात नाही. पंप इन्व्हर्टरवर घेतला.

खर्च लिहिते, म्हणजे कुणाला अंदाज येईल. मजुरी 3,000, प्लाय 900, डिंक-स्क्रू-पॉलिश पेपर 450, तेल आणि पीयू 650. एकूण 5,000 रुपये, लाकूड घरचं. आधीच्या तयार स्टँडला 3,800 गेले होते, ते बुडीत खाती.

आता रोजचं. मासे आमच्याकडे सूर्यास्ताच्या आत जेवतात, रात्रिभोजन त्यांनाही नाही. दुकानातल्या बहुतेक खाद्यात माशांचीच भुकटी असते. डबा उलटून घटक वाचल्याशिवाय घेऊ नका. गोल्डफिश वनस्पतीही आवडीने खातो. म्हणून स्पिरुलिना नावाच्या शेवाळाच्या गोळ्या, उकडून साल काढलेला मटार, उकडलेला पालक, असं आलटून पालटून थोडं थोडं देते. चातुर्मासात आम्ही पालेभाजी सोडतो आणि माशांसाठी पालक आणतो, यावरून घरात माझी चेष्टा होते. होऊ दे. नियम मी घेतलेला आहे, त्यांनी नाही.

आठवड्यातून एकदा पाव टाकी पाणी बदलते, म्हणजे दोन बादल्या. नळाचं पाणी गाळून, आदल्या दिवशी बादलीत काढून, वर कापड बांधून ठेवते, म्हणजे त्यातलं क्लोरीन उडतं. दुसऱ्या दिवशी ओतताना पुन्हा गाळते, कारण गाळलेल्या पाण्याची मर्यादा 48 मिनिटांची, हे आपल्याला वेगळं सांगायला नको. फिल्टरचा स्पंज नळाखाली धुवायचा नाही. टाकीतून काढलेल्या पाण्यातच हलका पिळायचा, म्हणजे त्यावरचे जिवाणू राहतात. काढलेलं पाणी कुंड्यांना.

इतकं सगळं सांगितल्यावर चौथीचा प्रश्न उरतोच. स्टँड इतका पक्का केला, म्हणजे कैदही पक्की केली ना? या शंकेने मला पुष्कळ दिवस झोप दिली नाही. आपल्याकडे पाप करणाऱ्याचं असतं, करवणाऱ्याचं असतं आणि अनुमोदना देणाऱ्याचंही असतं. माझा सुंदर सागवानी स्टँड बघून एखादीला वाटलं, आपणही टाकी आणावी, तर ती अनुमोदना माझ्याच खात्यात. स्वाध्यायाच्या दिवशी तिघींनी सुताराचा नंबर विचारला तेव्हा मला आनंद झाला आणि लगेच भीतीही वाटली.

त्यामुळे मी दोन गोष्टी ठरवल्या आहेत. एक, या दोघांनंतर तिसरा मासा येणार नाही. जोडीला म्हणून नाही, रंगाला म्हणून नाही, गेलेल्याच्या जागी म्हणूनही नाही. सुतारांना सुरुवातीलाच सांगितलं होतं की स्टँड टेबलाच्या उंचीचा करा, पुढे त्यावर ग्रंथ ठेवायचे आहेत. दुसरी, नंबर मागणाऱ्या प्रत्येकीला मी आधी विचारते, "घरात मासे आहेत का?" असतील तर नंबर देते, मापंही देते, हवं तर येऊन पाणसळ लावून देते. नसतील तर नंबर देत नाही. त्या दिवशीच्या तिघींपैकी एकीच्या घरी रिटर्न गिफ्टचेच मासे निघाले, गोल भांड्यात. तिला त्याच संध्याकाळी नंबर पाठवला.

मासे सुंदर असतात यात वाद नाही. मुंबईचं तारापोरवाला मत्स्यालय पाहून मीही लहानपणी हरखले होते. आपल्या तीर्थंकरांच्या मातेला पडलेल्या सोळा स्वप्नांत माशांची जोडी आहे, अरहनाथ भगवानांचं लांछन मत्स्य आहे. पण स्वप्नातली ती जोडी सरोवरात खेळत होती. नातवाला मंदिरात हे दाखवलं तेव्हा तो म्हणाला, "आजी, त्यांना काच नव्हती." सात वर्षांच्या मुलाला जे दिसलं ते वाढदिवसाची यादी करणाऱ्या मोठ्यांना दिसायला हवं.

म्हणून मैत्रिणींनो, एक विनंती. तुमच्या घरी नातवंडांचे वाढदिवस येतील. सुनांना, मुलींना सांगा, जिवंत काही वाटू नका. ना मासे, ना पक्षी, ना सशाची पिल्लं. रोप द्या, पुस्तक द्या, काही नाही दिलं तरी चालेल. आणि तुमच्या घरी कुणी जीव आणून ठेवलाच, तर त्याला नदीवर नेऊन हात झटकू नका. वही घ्या, आधी वजनाची बेरीज करा.

नातवाला त्याच्या प्रश्नाचं उत्तर मी परवा दिलं. म्हटलं, "ज्यांनी आणले, ज्यांनी दिले आणि ज्यांनी बघून छान म्हटलं, त्या सगळ्यांना थोडं थोडं लागलं. मलाही." तो विचारात पडला. मग म्हणाला, "मग आज पाणी मी बदलतो." दोन्ही बादल्या त्याला उचलल्या नाहीत. एक मी धरली.

जय जिनेंद्र.